आतेचे दगड

आमच्या घरात डोंगराला पायथा, उतार, माथा असं कुणी म्हणायचं नाही. आते म्हणायची खालचं घर, मधलं घर आणि वरचं घर, आणि आम्हीही तेच म्हणत मोठ्या झालो. आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमचीच. वज्रेश्वरीच्या अलीकडे, भिवंडीहून येणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. घरामागे भाताची खाचरं, खाचरं संपली की डोंगर. खालच्या घरात गुरं, शेळ्या, लाकूडफाट्याला येणाऱ्या बाया, सगळ्यांची वर्दळ. तिथे टाकळा, कुर्डू आणि तेरडा एवढंच माजायचं, कारण ते गुरांच्या तोंडातून उरायचं. मधल्या घरात ऐन, धावडा, काकड यांची दाट सावली आणि पायाखाली ओला पाचोळा. आमच्या ताटात येणारं बहुतेक सगळं तिथलं. शेवळं तिथली, कुळीची भाजी तिथली, भारंगी तिथली, आणि चाईचा वेल तिथला. वरचं घर म्हणजे उघडा कातळ, वारा आणि बोटभर माती. तिथे भाद्रपदात नखाएवढी निळी-पिवळी फुलं यायची आणि कातळाच्या भेगेतून बाफळी, जिचं बी आते आमच्या पोटदुखीला द्यायची. एकाच डोंगरावर तिन्ही घरांत राहणारी एकही भाजी मला आठवत नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली होती आणि ती जागा आतेला आमच्या घरातल्या फडताळासारखी पाठ होती.

आता लोक हॉटेलात रानभाजी महोत्सव भरवतात आणि वाटीभर शेवळांची आमटी चाखून डोळे मिटतात. चाखा बापडे. मला त्या आमटीआधीची खटपट आठवते. शेवळं पाऊस पडायच्या जरा आधीच जमिनीतून वर यायची, तपकिरी, बोटभर जाडीची. ती तशीच शिजवली तर घसा धरायचा, जीभ सुजायची. म्हणून त्यांच्याबरोबर काकडाची आंबट फळं लागायची. आते ती पाट्यावर ठेचायची आणि सगळं घर आंबूस वासानं भरायचं. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, निखाऱ्यावर सुके बोंबील, आणि ओट्यावर बाबा ओरडायचे, "झाला का न्हाय? का पाऊस गेल्यावर वाडनार हायस?" आते आतूनच म्हणायची, "तुजी जीभ सुजली तं घरात जरा शांतता व्हईल, मी काकड घालीतच न्हाय." आईला हसू आवरायचं नाही. बाबा आणि आते यांची अशी चकमक दिवसभर चालायची. ती दोघं एकमेकांना फार धरून होती हे मला कळायला त्यांचं बोलणं बंद व्हावं लागलं.

दगडांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दगडांवर उभं आहे. चाई हा रानातला वेल. पावसाळ्यात त्याचे कोवळे कोंब आणि मोहोर भाजीला, आणि उन्हाळ्यात जमिनीतला कंद. पण उन्हाळ्यात वेल वाळून उडून गेलेला असतो. पान नाही, कोंब नाही, वर नुसती कोरडी माती. मग कंद शोधायचा कसा? आमच्याकडच्या बाया कंद खणला की त्याचा डोळा असलेला वरचा तुकडा परत खड्ड्यात ठेवायच्या, माती ओढायच्या आणि वर खुणेचा दगड बसवायच्या. दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा त्याच दगडाशी यायचं. प्रत्येक घरचे दगड वेगळे. कुणी ओढ्यातला गोटा वापरायचं, कुणी कातळाची चपटी कपरी. आतेचे दगड काळे आणि बसके होते, अकलोलीच्या कुंडांकडून नदीतून तिनं डोक्यावरून आणलेले. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही आणि खड्डा उघडा टाकून उतरायचं नाही, या दोन गोष्टी मला आणि माझ्या ताईला तिनं बोलता येऊ लागल्यापासून घोकून घेतल्या. मी एकदा कंटाळून तशीच खाली धावले, तर अर्ध्या वाटेवरून कान धरून वर नेलं आणि माझ्याकडून माती लोटून घेतली. "बेबे, उगडा खड्डा म्हंजे उपाशी घर," एवढंच बोलली आणि मग उतरताना मला करवंदं तोडून दिली.

सुमन म्हणजे माझी ताई. तिचं लग्न भिवंडीत ठरलं. मुलगा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होता, माग दुरुस्त करणारा, घर पक्कं होतं, आणि त्या घरच्यांना लग्न दणक्यात हवं होतं. मधलं घर आमच्या मालकीचं होतं. सूताला खळ लावायच्या सायझिंगच्या कारखान्यांना बॉयलरसाठी लाकूड लागतं, आणि त्यासाठी एक ठेकेदार गावोगाव फिरत होता. बाबांनी त्याला उभं रान दिलं. आतेनं फार विनवलं. भाताच्या राबासाठी, रोपं टाकायची जमीन भाजायला, आम्ही वर्षानुवर्षं झाडांच्या फांद्या तोडत आलो होतो, त्याला तिची कधी ना नव्हती. "टाल तोड, सगली टाल तोड, झाडाला परत फुटंल. बुंध्याला हात नको लावू रे," ती म्हणत राहिली. बाबा म्हणाले, "पोरीचं लगीन टालीवर करू का?" आतेनं विनवणं तिथेच सोडलं, कारण ताई तिचा जीव की प्राण होती.

झाडं पडत होती तेव्हा तो आवाज घरात स्वयंपाक करताना ऐकू यायचा. आधी कुऱ्हाडी, मग थोडा वेळ काहीच नाही, मग एक लांबलचक कडकडाट. ओंडके उतारावरून फरफटत खाली आणले, त्यांच्या घसटीनं जमीन सोलून निघाली. फांद्यांचा कचरा तिथेच पेटवून दिला. आते त्या दिवसांत ओट्यावर येऊन बसायचीच नाही, पाठ करून मागच्या पडवीत तांदूळ निवडत राहायची. लग्नात ती नाचली, ताईला हळद लावली, सगळं केलं. पण नंतर बाबांना सांगून टाकलं, "त्या उगड्यावर मी आता पाय ठेवायची न्हाय." आणि तिनं ठेवला नाही. बाफळीसाठी वरच्या घरी जायची तीसुद्धा पलीकडच्या सोंडेवरून, मोठा वळसा घालून. बाबा चिडून म्हणायचे, "रुसली हाय बया डोंगरावर." मलाही तेव्हा तो रुसवाच वाटला. आज वाटतं, ती एकदा जरी पावसात तिथून गेली असती.

कारण मधलं घर बदललं होतं. पहिल्या पावसात माती लाल पाण्याबरोबर आमच्या खाचरात उतरली. शेवळं आली नाहीत, कुळी एखाददुसरी, तीही उन्हानं करपलेली. बुंध्यांना फुटवे आले ते शेळ्यांनी खाल्ले. खालच्या घरातला टाकळा आणि तेरडा वर चढले. आणि त्यांच्याबरोबर आली कळलावी. गौरीच्या पूजेला आमच्याकडे हिची फुलं लागतात, लाल-पिवळी, वर वळलेल्या पाकळ्यांची. आधी ती फार क्वचित मिळायची. वरच्या वाटेच्या कडेला, ऊन लागणाऱ्या दरडीवर एखादा वेल असायचा आणि त्यासाठी पुरुषमाणसांना धाडावं लागायचं. रान तुटल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या भाद्रपदात मी आणि शेजारच्या मुली टोपल्या भरभरून फुलं घेऊन आलो. गावातल्या बाया खूश झाल्या. आई म्हणाली, "बरं झालं बाय, गौरी दारात आयली." आतेनं फुलं हातात घेतली, गौरीला खोवली, कुठली म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं. पण मधल्या घराचं नावही तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

लग्नाला वर्षं झाली तरी ताईला दिवस गेले नव्हते. तिची सासू आमच्या दारात येऊन पाणी पिता पिता टोमणे मारून जायची. मग एकदाचे राहिले, आणि फाल्गुन संपता संपता ताई पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली. पोट पुढे आणि बाकी नुसती हाडं. तिला काहीच पचत नव्हतं. भात नको, मासळीच्या वासानं उलटी, ताक प्यायली तरी उलटी. भिवंडीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ही खात नसेल तर पोर तग धरायचं नाही. तिला आमच्याकडे झोपही येईना. लूमच्या खडखडाटाची सवय झालेली, म्हणायची, "हितं कानात सगलं रिकामं वाटतं गं." आते तिच्या उशाशी बसून जात्यावरची गाणी म्हणायची, मुद्दाम बेसूर, म्हणजे ताई हसेल. सगळं घर त्या एका पोटाकडे डोळे लावून बसलं होतं. एका सकाळी ताई म्हणाली, "आते, चाईचा कंद खावासा वाटतो. मिठाचा. तू करायचीस तसा." कित्येक महिन्यांत तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट.

आतेनं पहार उचलली, टोपली घेतली आणि मधल्या घराची वाट धरली. एवढ्या वर्षांची शपथ तिनं उंबऱ्यातच टाकली. बाबा खाचराच्या बांधावर होते. तिला त्या वाटेनं जाताना बघून ते उठून उभे राहिले. मी तिच्याबरोबर गेले. वर कुठेच सावली नव्हती, पाय भाजत होते. आते प्रत्येक बुंध्याशी थांबत होती. "हा काकड. ह्याच्या खाली सुमी न्हान असताना झोपवायची मी," असं काहीतरी स्वतःशीच. तिचे बरेच दगड ओंडक्यांखाली घरंगळून गेले होते. पण एका उंचवट्यावर एक काळा दगड जागच्या जागी होता. तिनं तो ओळखला, त्याच्यावरून हात फिरवला, बाजूला केला आणि पहार घातली. जमीन घट्ट, त्यामुळे कंद तुकड्यातुकड्यांनी निघाला. "औंदा बारीक हाय," ती म्हणाली. "आनि गुलगुलीत. मुलं दिसंनात. ऊन लागलं गं त्याला, बिचाऱ्याला. सावलीतला जीव." मुळं म्हणजे चाईच्या कंदाला असतात ते केसांसारखे तंतू. ते नव्हते, हे तिनं पाहिलं आणि त्याचं कारणही तिनं लगेच स्वतःला दिलं, कारण दगड तिचा होता. डोळ्याचा तुकडा तिनं परत ठेवला, माती ओढली, दगड बसवला. आम्ही उतरलो तेव्हा ती किती दिवसांनी गुणगुणत होती.

घरी आल्यावर तिनं सालं काढली, फोडी केल्या, राखेच्या पाण्यात उकडल्या, ते पाणी फेकून पुन्हा उकडल्या. रानातल्या कंदाला हे करावंच लागतं. आई तांदूळ दळायला गेली होती. आतेनं मला मीठ-गूळ आणायला वज्रेश्वरीच्या दुकानात धाडलं. पण आधी तिचा नेम मी पाहिला. ज्यानं खणला त्यानं आधी खायचा. तिनं वाटीभर फोडी खाल्ल्या, मीठ न लावता, आणि जीभ बाहेर काढून माझ्यासमोर बसली. "बघ गं बेबे, सुजली का? का तुज्या बापाला आज बी माजं बोलनं आयकावं लागंल?" खाजरा कंद असला तर जीभ लगेच सांगते. जीभ काहीच बोलली नाही. जरा कडवट लागतो म्हणाली, पण चाईही कधी कधी कडवट असतेच. मग तिनं ताईला ताट वाढलं. मी परतले तेव्हा ताईचं ताट स्वच्छ होतं. तिनं सगळं खाल्लं होतं आणि पोटात ठेवलं होतं. आते चुलीशी बसून पदराला डोळे पुसत होती आणि मला म्हणाली, "जेवली गं माजी पोर." तळाला उरलेली एक फोड मी तोंडात टाकली, कडू लागली म्हणून अर्धी थुंकली.

दुपार कलायला लागली तेव्हा आते मागच्या बाजूला गेली ती बराच वेळ आली नाही. बघायला गेले तर भिंतीला धरून ओकत होती. म्हणाली, ऊन लागलं. ताईला सांगू नको म्हणाली. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला ताईच्या पोटात कळ आली, उलट्या, जुलाब, थांबायचं नाव नाही. माझंही पोट बिघडलं, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बाबांनी गावातल्या एकाची जीप आणली आणि दोघींना भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं. बाबांनी सांगितलं, चाईचा कंद. डॉक्टर म्हणाला, रानातलं काहीबाही खाता आणि मग आमच्याकडे धावता. विषबाधा, एवढाच शब्द आम्हाला कळला. सलाईन लावलं, नळ्या लावल्या. त्या दवाखान्याच्या भिंतीपलीकडे लूम चालू होते, अखंड. ताईला तो आवाज ऐकून पहिल्यांदा जरा बरं वाटलं असं आई म्हणाली. मला ते ऐकवलं नाही.

ताईला मुलगी झाली, मेलेली. आते दोन खाटा सोडून पलीकडे होती. तिला कुणी सांगितलं नाही. ती शुद्धीत होती, हेच वाईट होतं. हातपाय गार पडत चालले होते, डोळे मात्र जागे. आईला जवळ बोलावून तिनं विचारलं, "वैनी, सुमीनं किती खाल्ला?" आई म्हणाली, "एकच फोड. तिला काय बी झालं न्हाय." आतेनं आईकडे बघितलं. आई खोटं बोलायला लागली की तिची मान खाली जाते, हे आतेला आमच्याइतकंच ठाऊक होतं. ती भिंतीकडे तोंड करून वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

ताई घरी आली आणि पंधरवड्यात तिचे केस गळायला लागले. विंचरलं की फणीत मूठभर, उशीवर पुंजके, आणि एके दिवशी डोकं सगळं उघडं पडलं. माझेही विरळ झाले, पण ताईचं काहीच राहिलं नाही. डोक्यावरचा पदर ती घरातही खाली घेईना. गावाला तेवढं पुरलं. विहिरीवर बोलणं सुरू झालं. आधी दबक्या आवाजात, मग आमच्या पाठीमागे, मग समोर. बिनपोराची बाई, दुसरीचं भरलेलं पोट बघवलं नाही. करणी केली. स्वतः मेली म्हणून काय झालं, अशा बायांना मरायचं काय. ताईची सासू दारात येऊन ओरडली, "तिनं घातला. मुद्दाम घातला. तिला काय ठाव नव्हतं का?" आणि इथेच सगळं अडत होतं. आतेला सगळं ठाऊक होतं. सगळ्या गावात तिच्याइतकं डोंगराचं कुणाला कळत नव्हतं. तिच्या हातून चूक होणं कुणाला पटेना, म्हणून ती चूक नव्हतीच, असा त्यांचा हिशोब.

मला गावाचं काही वाटलं नाही. गाव बोलतंच. पण एका दुपारी ताई माझ्या शेजारी बसून भिंतीकडे बघत म्हणाली, "बेबे, आते चुकायची न्हाय गं. कालोखात बी चुकायची न्हाय." मी म्हटलं, म्हणजे काय म्हणतेस तू? मी तिला हलवलं, ओरडले, रडले. ज्या बाईनं हिला मांडीवर वाढवलं तिच्याबद्दल हिच्या मनात हे. मग ताई एवढंच म्हणाली, "मना तसं वाटू नये असं वाटतं. पन वाटतं." तिच्याकडे बघून मला समजलं की पोर गेल्याच्या दुःखापेक्षा हे तिला आतून जास्त खात होतं. सासरकडून निरोप यायचा बंद झाला होता. ती जेवायला बसायची आणि कुणी वाढलेलं आधी हुंगायची. आईनं वाढलेलंसुद्धा. आई ते बघायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर डोकं टेकायची. बाबा तर कुणाशीच बोलत नव्हते.

आतेची ती टोपली आईनं त्याच दिवशी उरल्यासुरल्या कच्च्या तुकड्यांसकट मागच्या परसात उकिरड्याशेजारी फेकून दिली होती. पाऊस सुरू झाला आणि तिथून एक वेल वर आला. कुणी लक्ष दिलं नाही. पानं लांबट, टोकाशी वळलेली, शेजारच्या काटक्यांना धरून चढणारी. गौरी यायच्या आधी तीन-चार दिवस आई राख टाकायला मागे गेली आणि तिथेच उभी राहिली. मी हाक मारली तरी हलेना. मी गेले. टोपलीच्या कुजलेल्या बुडातून आलेल्या त्या वेलावर कळलावीचं फूल होतं, लाल-पिवळं, ताजं. आई म्हणाली, "ही चाई न्हाय." दोनदा म्हणाली. मग बाबांना बोलावलं. बाबांनी वेल उपटला, खालचा कंद बोटांनी पुसला. गुळगुळीत, एकही तंतू नाही. कळलावीचा कंद म्हणजे जहर, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते त्याच पावलानं पावसात डोंगराकडे निघाले, डोक्यावर काही घेतलं नाही.

ते परतले तेव्हा चिखलानं माखलेले होते. ओट्यावर बसले आणि पहिल्यांदा ताईकडे बघून बोलले. "वर सगलीकडं तीच फुललीय. तिच्या दगडाच्या बुडातून बी तीच आयलीय. ऊन पडलं म्हनून आयली. सावली असती तं तिची ताकद नव्हती." मग म्हणाले, "दगड तिचाच हाय. तिनं जागा बरोबर खनली. जागाच म्या विकली व्हती." आई त्यांच्याजवळ जायला उठली, पण त्यांनी हात आडवा केला. ताई पदर घट्ट करत म्हणाली, "मना दाव."

पावसाची उघडीप झाल्यावर आम्ही तिघं चढलो. ताई अशक्त होती, चार पावलं टाकून थांबायची, पण हात धरू देईना. मधलं घर त्या दिवशी जसं दिसलं तसं सुंदर मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा अजून राग येतो. खोडांच्या बुंध्यांवरून, दगडांवरून, सगळ्या उतारावर ती फुलं. मागच्या वर्षी मी काठी टेकत पुन्हा जाऊन आले. खालच्या घरावर आता गोदामांचे पत्रे आहेत, मधल्या घरात घाणेरी आणि रानमोडी माजली आहे, तिच्यातून अजून कळलावी डोकं काढते. वरच्या कातळावर मात्र तीच नखाएवढी फुलं अजून येतात, कारण तिथून न्यायला कुणाला काही सापडलं नाही. मी पुढे भिवंडीत एका सायझिंगच्या ऑफिसात कारकुनी केली. ट्रकमधून लाकूड उतरायचं तेव्हा मी खिडकी लावून घ्यायची. पगार मात्र घेतला. तोंड वर करून उपदेश करायचा मला हक्क नाही, म्हणून करत नाही.

त्या दिवशी बाबांनी दगड दाखवला. काळा, बसका, आतेनं शेवटी ठेवला होता तसाच, आणि त्याच्या कडेनं वर आलेला वेल. ताई त्याच्यासमोर बसली. दगड बाजूला केला, ओली माती हातांनी उकरली. कंद निघाला, आते म्हणाली होती तसाच, बारीक, गुळगुळीत. ताईनं तो तळहातावर घेतला आणि तिला हुंदका फुटला. दवाखान्यातून आल्यापासून ती रडली नव्हती. "आते, आते गं," एवढंच म्हणत होती. "म्या काय म्हनली तुना. म्या काय म्हनली." बाबा तोंड फिरवून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मग ताईनं तो कंद लांब दरीत फेकून दिला. खड्डा तसाच राहू दिला. मी सवयीनं माती ओढायला वाकले, तर तिनं माझा हात धरला. आमच्या घरातलं कुणी त्या डोंगरावरून खड्डा उघडा टाकून कधी उतरलं नव्हतं. तिनं आतेचा दगड उचलायला घेतला. तो जड होता, हातात मावेना. बाबा पुढे झाले, त्यांना तिनं मागे सारलं. तिनं डोक्यावरचा पदर काढला, त्यात दगड घेतला, पदराची दोन टोकं पोटाशी आवळून धरली आणि उतरायला लागली. तिचं डोकं उघडं होतं. नुकतं कुठे पेरभर जावळ आलं होतं त्यावर, तान्ह्या पोराच्या डोक्यासारखं. खाली गौरीच्या तयारीसाठी सगळ्या बाया विहिरीवर जमल्या होत्या. मी म्हटलं, ताई, मागच्या वाटेनं जाऊ. तिनं ऐकलं नाही. ती विहिरीवरून गेली, मधोमध, सावकाश, दगड पोटाशी धरून. बायांची बोलणी थांबली. त्यांतल्याच एकीनं, जी सगळ्यांत जास्त बोलली होती तिनं, विचारलं, "सुमे, डोकं उगडं टाकून काय आनलंस गं?"

ताई थांबली. दगड पोटाशी नीट सावरला आणि म्हणाली, "माज्या आतेचा हाय."